हाताचा रकाना

आमच्या अतिदक्षता विभागाच्या दारात एक फळा होता. गंभीर प्रसंगाविना किती दिवस गेले, तो आकडा त्यावर रोज सकाळी खडूने लिहायचा. फळा उतरवला त्या दिवशी त्यावर चारशे बारा होते. हे सगळं आढाव सिस्टरमुळे, असं लोक म्हणत. मीही म्हणत असे, मनातल्या मनात. आता त्याची लाज वाटते, म्हणून आधीच सांगून टाकते.

मी एस्तर आढाव. मिरजेच्या इनामदार स्मारक बालरुग्णालयात माझी एकतीस वर्षं नोकरी झाली. त्यातली अकरा मी लहान मुलांच्या अतिदक्षता विभागाची इन्चार्ज होते. खाटा सहा, आणि तीन जिल्ह्यांतली पोरं आमच्याच दारात. त्यातली निम्मी श्वासनळीची.

ही श्वासनळीची पोरं पूर्वी इतकी नव्हती. चोवीस आठवड्यांत जन्मलेलं बाळ पूर्वी जगतच नसे. दोन हजार तीस सालानंतर ती जगायला लागली, पेढे वाटले गेले, आणि त्यांच्या मागून हे दुखणं आलं. असं बाळ जगवायचं तर घशातून नळी घालून सहा-सहा, आठ-आठ आठवडे यंत्राने श्वास द्यावा लागतो. नळी आतून घासते, जखम होते, जखम भरताना वण धरतो आणि स्वरयंत्राच्या खाली श्वासाची वाट आवळून जाते. मग दुर्बिणीतून बारीक फुगा आत सोडून ती वाट रुंद करायची. ऑपरेशन वीस मिनिटांचं. कठीण असतात ते पुढचे दोन-तीन दिवस. मोठ्या माणसाला नळीत मिलिमीटरभर सूज आली तर घसा बसतो, एवढंच. दीड वर्षाच्या पोराची ती वाट मुळात चार मिलिमीटरची. तिला चहूबाजूंनी मिलिमीटरभर सूज आली की हवेला पाव हिस्सा जागा उरते, आणि त्या पाव हिश्श्यात कफाचं एक बोंड सुकून बसलं की संपलं.

म्हणून आमच्याकडे एक पद्धत होती. ती मला थोरात मेट्रनने शिकवली, तिला कुणी शिकवली ते ठाऊक नाही. ऑपरेशन करून आणलेल्या पोराच्या छातीवर पहिले तीन दिवस कुणी ना कुणी तळहात ठेवून बसायचं. नुसता ठेवायचा. कफ सुकायला लागला की तळव्याला आधी खरखर लागते. पोर दमायला लागलं की बरगड्यांखालची जागा आत ओढायला लागते, ती डोळ्यांना दिसण्याआधी हाताला कळते. मग मान जराशी वळवायची, वाफ द्यायची, बारीक नळीने कफ ओढायचा. पोर पुन्हा झोपायचं. यंत्रावरचा आकडा हललेलासुद्धा नसायचा.

हे आम्ही कुठे लिहीत नव्हतो. तक्त्यात रकाने होते औषधांचे, प्राणवायूचे, नाडीचे, आणि 'प्रसंग' या नावाचा एक. प्रसंग लिहिला की चार पानी अर्ज भरा, राउंडला उत्तर द्या, शिवाय फळ्यावरचा आकडा पुसून शून्यावर आणा. पोरींना मीच सांगत असे, "निस्तरलं ना आपण? मग कशाला लिहीत बसता? हात काय तक्त्यात चिकटवायचाय?" सगळ्या हसायच्या. मला तेव्हा खरोखर वाटे की मोजता येतं ते काम, आणि हात म्हणजे आपली माया.

पस्तीस साली 'अंदाज' आलं. खाटा सहा आणि रांगेत पोरं वीस, तेव्हा खाट कुणाला द्यायची हे ठरवणारी ती प्रणाली. तिला हजारो मुलांच्या नोंदी दाखवायच्या. कुठल्या वयाच्या, किती वजनाच्या, कसल्या ऑपरेशनच्या मुलाचं पुढे काय झालं हे पाहून ती नव्या मुलाला शंभरातला एक आकडा देते, म्हणजे त्याचा जीव धोक्यात येण्याची शक्यता. तीसच्या वर गेला तर अतिदक्षता विभागात खाट, खाली राहिला तर साध्या वॉर्डात छातीवर बिस्किटाएवढी पट्टी लावून निगराणी. पट्टी प्राणवायू, नाडी, श्वासांची संख्या मोजते आणि नातेवाइकांच्या फोनवर हिरवा दिवा दाखवते.

श्वासनळीच्या मुलांसाठी अंदाजला शिकवायला राज्यातल्या सगळ्यांत चांगल्या विभागाच्या नोंदी हव्या होत्या. त्या आमच्या होत्या. अकरा वर्षं, दोन हजार शंभर मुलं. मला पुण्याला बोलावून शाल-श्रीफळ दिलं. शाल अजून कपाटात आहे.

नसीम मुजावर माझ्याकडे तेविसाव्या वर्षी आली. पहिल्या दिवशी पोराच्या छातीवर तिने हात इतका जोरात ठेवला की मी ओरडले, "अगं, छाती आहे ती, कणीक नाही मळायची!" नऊ वर्षांत ती माझ्यापेक्षा हलक्या हाताची झाली. मला मूल नाही. नसीमला मी माझी म्हणत असे, आणि ती म्हणू देत असे.

तिची इनाया सत्ताविसाव्या आठवड्यात जन्मली. पाच आठवडे नळी होती. दीड वर्षाची झाली तेव्हा श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. फुग्याचं ऑपरेशन ठरलं आणि अंदाजने आकडा दिला. सात.

नसीम कागद घेऊन माझ्याकडे आली. तिच्या मागे तिचा नवरा इम्तियाज उभा होता. तो सतारीच्या कारखान्यात भोपळे कोरतो, आणि दवाखान्यात आला की हात कुठे ठेवावेत ते त्याला समजत नाही.

"सिस्टर, सात म्हणजे वॉर्डात राहायचं. तुम्हीच सांगा, बरोबर आहे ना हे?"

"कसली काळजी करतेस? हे आपल्याच पोरांवरून शिकलंय. तुझ्या-माझ्या हाताखालून गेलेली पोरं. सात म्हणजे सात."

"डॉक्टरसाहेबांना सांगून एक खाट..."

सर्जन चौगुले डॉक्टरांना मी खरंच विचारलं. ते म्हणाले, "सिस्टर, शेवटच्या खाटेवर एकेचाळीसवालं पोर आहे कवठेमहांकाळचं. त्याला उठवू का? तुम्ही म्हणा, उठवतो." मी म्हटलं नाही. एका अर्थी बरोबरच होतं ते. पण खरं कारण निराळं होतं. त्या सातवर माझा विश्वास होता, कारण तो माझा होता.

ऑपरेशन सोमवारी झालं, छान झालं. इनायाला खाली वॉर्डात नेलं. चौदा मुलं आणि एक सिस्टर, असा तो वॉर्ड. नसीम रजा टाकून तिच्याजवळ बसली आणि सवयीने हात ठेवला. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी दुपारी एक वाजता मी जेवणाच्या सुट्टीत खाली गेले तर ती तशीच बसलेली, डोळे आत गेलेले, अंगावर परवाचाच ड्रेस.

"काय गं, जेवलीस का?"

"खाल्लं की काल."

"ऊठ. घरी जा, अंघोळ कर, दोन घास खा. घर दहा मिनिटांवर आहे तुझं."

"तीन दिवस होऊ देत, सिस्टर. उद्या जाते."

"अगं, सात आहे तिला! पट्टी आहे, हिरवा दिवा आहे, सासूबाई आहेत. तू आजारी पडलीस तर पोरीचं कोण करणार? काढ हात. माझं ऐक."

तिने आयुष्यभर माझं ऐकलं होतं. तेव्हाही ऐकलं.

सासूबाई चांगल्या बाई होत्या. नातीजवळ फोन हातात धरून बसल्या. इनाया थोडी कुरकुरली, पाय झाडले, मग हळूहळू गप्प झाली. "झोपली म्हटलं मी," त्या नंतर मला म्हणाल्या, पुन्हा पुन्हा तेवढंच. लहान पोर श्वासासाठी झगडून दमलं की असंच गप्प होतं. हे आम्हाला ठाऊक असतं, घरच्यांना कसं असणार? नाकाला प्राणवायू लावलेला होता, त्यामुळे रक्तातल्या प्राणवायूचा आकडा शेवटपर्यंत बरा राहिला. पट्टी श्वास किती ते मोजत होती. एका श्वासासाठी किती ताकद लागते ते मोजायला तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दिवा हिरव्याचा एकदम लाल झाला. तेव्हा दोन वाजले होते, ड्यूटी बदलत होती आणि वॉर्डातल्या दोन्ही सिस्टर टेबलाशी मुलांची माहिती देत-घेत होत्या. चार मिनिटांत त्या पोचल्या. चार मिनिटं म्हणजे उशीर नाही कुठल्याच नियमाने.

वर निरोप आला तशी मी जिन्यावरून खाली धावले. चौगुलेंनी नळी घातली, कफ ओढला. तांदळाच्या दाण्याएवढं सुकलेलं बोंड निघालं. हृदय पुन्हा सुरू झालं, पण डोळ्यांच्या बाहुल्या पसरलेल्या होत्या आणि तशाच राहिल्या. तेव्हा अंदाजने इनायाचा आकडा शहाण्णव केला आणि तिला खाट दिली. त्या खाटेवर ती चार दिवस होती. नसीमने चारही दिवस छातीवरचा हात काढला नाही. छाती यंत्राने वरखाली होत होती.

दफन झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. बायका ओसरीवर बसल्या होत्या. नसीमने मला पाणी आणून दिलं, आणि भांडं परत घेताना म्हणाली, "माझा हात होता, सिस्टर. तुम्ही काढायला लावलात."

मी मान हलवली.

चौकशी झाली. दोषी कुणीच नव्हतं. अंदाज तयार करणारा ईशान गद्रे पुण्याहून आला. तिशीतला, शांत, डोळे तांबारलेले. मी त्याला शिव्या घालायच्या तयारीने गेले होते. पण तो म्हणाला, "सिस्टर, मला समजून घ्यायचंय. सात चुकीचा होता का, की शंभरातल्या त्या सातमधलीच एक ती होती?"

त्याने माझ्याच विभागाच्या नोंदी पडद्यावर उघडल्या. दोन हजार शंभर मुलं आणि अकरा वर्षांत गंभीर प्रसंग नऊ. एका मुलाचा तक्ता मी ओळखला, जतचा होता. त्या पोराने आम्हाला दोन दिवस पाणी पाजलं होतं, तीसेक वेळा कफ ओढावा लागला होता. तक्त्यावर सगळं स्वच्छ. स्थिर, स्थिर, स्थिर. सही एस्तर आढाव.

मी त्याला हाताचं सांगितलं. कधी ठेवायचो, काय कळायचं, का लिहिलं नाही, सगळं. त्याने मध्ये एकदाही अडवलं नाही.

"म्हणजे ही मुलं सुरक्षित नव्हती. तुम्ही त्यांना सुरक्षित ठेवत होता. आणि प्रणाली शिकली की ती मुळातच सुरक्षित असतात," तो म्हणाला.

"मग आता शिकव तिला! मी सांगते, मी लिहून देते. एकेक पोर आठवतं मला."

"आठवणीवरून केलेली नोंद घेता येत नाही. अंदाजवर नेमलेली समितीही घेणार नाही." त्याने डोळे चोळले. "मी रकाना काढून देतो, आजच देतो. 'छातीवर हात: होय किंवा नाही'. पण मागच्या दोन हजारांत प्रत्येकाला 'होय' आहे. घरातल्या सगळ्याच पदार्थांत मीठ असलं तर मिठाने काय होतं ते कसं कळणार? तुलनेला हात नसलेली मुलं लागतात."

"किती?"

"तुमच्यासारखी मुलं, याच ऑपरेशनची? चारशेच्या आसपास. त्यांतल्या काहींना..."

"म्हणजे इनाया पहिली," मी म्हणाले.

जाताना तो माझ्या पाया पडला. कशासाठी ते त्यालाही माहीत नसावं.

समितीपुढे मी उभी राहिले. अध्यक्ष म्हणाले की सिस्टरांच्या सेवेबद्दल आदर आहे, परंतु एका घटनेवरून धोरण बदलता येत नाही आणि ज्याची नोंद नाही ते विचारात घेता येत नाही. मी वर्षानुवर्षं पोरींना शिकवलेलंच वाक्य. लिहिलं नाही म्हणजे झालं नाही. इंजेक्शनांच्या बाबतीत शिकवायची मी ते.

इनायाचं मरण अंदाजमध्ये नोंदलं गेलं. त्या वयाच्या, त्या वजनाच्या पुढच्या मुलाचा आकडा आला, आठ.

मी इन्चार्जपद सोडलं आणि खालच्या वॉर्डात बदली मागून घेतली. लोकांना वाटलं, म्हातारी खचली. खचलेच होते, पण काम होतं मला. श्वासनळीचं पोर आलं की मी खुर्ची ओढून बसायची. आठवालं पहिलं पोर, तासगावची मुलगी, माझ्या हाताखाली तीन दिवस राहून आईच्या कडेवर बसून घरी गेली. मग आणखी एक, मग आणखी. रकान्यात मी 'होय' लिहीत होते.

इनायाचा चाळिसावा दिवस झाल्यावर नसीम कामावर आली. तिलाही याच वॉर्डात टाकलं होतं. पहिले आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मग एका दुपारी औषधांच्या खोलीत तिने दार लोटलं.

"आजचा आकडा बघितला?"

"नाही."

"पुन्हा सात. तुम्ही नऊ पोरं सांभाळलीत म्हणून."

"मग काय करू गं, मरू देऊ?"

"एप्रिलपासून एकेचाळीस रुग्णालयांत हेच लागू होणार. तिथे तुम्ही आहात का? मी आहे का? तिथली सिस्टर सात बघणार आणि पोराला वॉर्डात ठेवणार." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तुम्ही इथे जितकी वाचवाल तितका तो आकडा खाली राहणार. इथे हात ठेवू नका, सिस्टर. आठ होऊ दे, बारा होऊ दे, तीसच्या वर जाऊ दे. मग सगळ्यांना खाट मिळेल. कायमची मिळेल."

"आणि तीस होईपर्यंत किती पोरं जातील?"

"मला नका विचारू. मी एक दिलीय."

मी स्टुलावर बसले. तिचं म्हणणं खोडून काढता आलं असतं तर किती बरं झालं असतं. रात्रंदिवस मी तेच करून पाहिलं होतं. गणित तिचं बरोबर होतं. माझ्याकडे गणित नव्हतंच, समोर पोर असायचं आणि ते शिट्टी वाजवत श्वास घ्यायचं.

"मला नाही जमणार, नसीम."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "म्हणूनच एवढा राग येतो तुमचा."

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकाच दिवशी तीन ऑपरेशनं झाली. तिन्ही पोरांचा आकडा सात. वर खाटा भरलेल्या होत्या, आणि नसत्या भरल्या तरी सातला मिळाली नसती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दोन खाटांच्या मधे खुर्ची टाकली, डावा हात एका पोरावर, उजवा दुसऱ्यावर. तिसरी मुलगी समोरच्या भिंतीशी होती. तिची आई म्हैसाळची, अगदी लहान वयाची, फोनमधल्या हिरव्या दिव्याकडे बघत बसलेली. मुलगी आतापर्यंत कुरकुरत होती. आता ती गप्प होत चालली होती.

माझ्या दोन्ही तळव्यांखाली खरखर होती, दोघांच्याही माना अंगठ्याने वळवून धरल्या होत्या. एकीकडचा हात काढावा तर तिकडचं पोर जातं. मी त्या आईला हाक मारली, "ताई, तिच्या छातीवर हात ठेवा!" तिने मुलीच्या कपाळावर हात ठेवला आणि हसून म्हणाली, "ताप न्हाई ओ, झोपलीया." दोन वाजत आले होते, टेबलाशी ड्यूटी बदलत होती. मी तिकडे ओरडले, पण वॉर्डातल्या रडारडीत कुणाला ऐकू गेलं नाही.

दारात नसीम उभी होती. ती ड्यूटीवर येत होती, पिशवी अजून खांद्याला. तिने माझे दोन हात पाहिले, समोरची ती मुलगी पाहिली. तिला सगळं कळलं होतं, मला दिसत होतं. ती हलली नाही. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मी तिला हाक मारली नाही. एकदा तिला हात काढायला सांगितलं होतं, आता ठेवायला सांगायचं कुठल्या तोंडाने?

मग पिशवी जमिनीवर पडली. नसीमने त्या मुलीची मान वळवली, कफ ओढायची नळी घातली, दोनदा ओढलं. बोंड निघालं. मुलगी खोकली आणि रडायला लागली, चांगली मोठ्याने. पट्टीचा दिवा या सगळ्यात हिरवाच राहिला होता. आई म्हणाली, "काय ओ सिस्टर, चांगली झोपली हुती, उठिवली की!"

नसीमने स्टूल ओढून घेतलं आणि मुलीच्या छातीवर तळहात ठेवला. दुसऱ्या हाताने तिने रकान्यात 'होय' लिहिलं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता.

"आता सहा होईल," ती म्हणाली.

शनिवारी सहा झाला. सोमवारी तो एकेचाळीस रुग्णालयांत गेला.